सेनापती कोणाला जबाबदार असतो?



आपल्या जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे ५ वाजता उभे राहा. पोरे पळताना दिसतात. भोकरदनकडे जा, घनसावंगीकडे जा, मंठ्याकडे जा, सगळीकडे तेच. सैन्यभरतीची तयारी चालू असते. आता त्यांत मुलीही दिसू लागल्या आहेत. या मुलामुलींच्या आया आपल्याच गटांत बसतात, बचतीचे पैसे भरतात आणि पोराला दूध-अंडी कशी पुरवायची याचा हिशेब करतात.

ज्या सैन्यात आपण आपले लेकरू पाठवतो, त्या सैन्याच्या सर्वांत वर कोण असतो? तो हुकूम देतो, पण त्याला हुकूम कोण देतो? आणि तो चुकला तर किंमत कोण मोजतो? आज आपण या सेनापती नावाच्या पदाविषयी बोलणार आहोत. त्यासाठी दिल्लीपासून सुरुवात करायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या मातीतच याचा मोठा धडा आहे.

आधी थोडे स्वराज्याकडे पाहू. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. त्यांच्या कारभाराला आठ प्रधान होते. सेनापती हा त्या आठांपैकी एक. म्हणजे फौज त्याच्या हाताखाली असली तरी राज्य त्याच्या हाताखाली नव्हते. पद वंशपरंपरेचे नव्हते. बाप सेनापती म्हणून मुलगा सेनापती, असा नियम नव्हता. पगार सरकारी खजिन्यातून मिळायचा. आणि कामात कसूर झाली तर जाब द्यावा लागायचा. नेताजी पालकर हे फार मोठे वीर, पण १६६६ साली पन्हाळ्याच्या मोहिमेत ते वेळेवर पोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना सरनौबत पदावरून दूर केले आणि ते पद प्रतापराव गुजरांना दिले.

प्रतापरावांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. त्यांनी बहलोलखानाला पकडून सोडून दिले. महाराज रागावले. त्या बोलाचा सल प्रतापरावांच्या मनात राहिला आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला अवघ्या सहा स्वारांसह ते खानाच्या फौजेवर चालून गेले. सातही जण पडले. त्यांच्या शौर्यापुढे आपण हात जोडतो. पण आम्हाला या गोष्टीत आणखी एक बाजू दिसते. सेनापती पडला की मागे उभी असलेली सगळी फौज पोरकी होते. म्हणून सेनापतीचा जीव त्याचा एकट्याचा नसतो. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. तिच्याही जिवावर अख्खे घर उभे असते. प्रतापरावांनंतर महाराजांनी हंबीरराव मोहित्यांना सेनापती केले आणि फौज पुन्हा उभी राहिली, कारण पद माणसापेक्षा मोठे होते.

सेनापतीच्या कामात रयतेची काळजीही येत होती. फौजेने शेतकऱ्याच्या दाण्याला, गवताच्या काडीला, भाजीच्या देठालासुद्धा विचारल्याशिवाय हात लावू नये, अशी ताकीद महाराजांनी आपल्या अंमलदारांना पत्राने दिली होती. जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, नाहीतर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्या पत्राचा अर्थ. अर्थात शत्रूच्या मुलखात मोहीम गेली की तिथे लूट होत असे. आपले जालना तेव्हा मोगलांच्या ताब्यातले श्रीमंत पेठेचे गाव. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी स्वतः ते लुटले आहे. इतिहास सांगायचा तर हेही सांगायला हवे.

पुढे शाहू महाराजांच्या काळात पद्धत बदलली. सेनापतीपद एका घराण्यात राहू लागले. १७१७ साली तळेगावचे खंडेराव दाभाडे सेनापती झाले. १७२९ साली ते वारले, तेव्हा मुलगा त्र्यंबकराव सेनापती झाला. त्याचे आणि बाजीराव पेशव्यांचे गुजरातच्या वसुलीवरून बिनसले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला मराठ्यांचीच फौज मराठ्यांच्या फौजेशी लढली आणि राज्याचा सेनापती राज्याच्या पेशव्यांशी लढताना मारला गेला. मग शाहू महाराजांनी समेट घडवून आणला. पद धाकट्या यशवंतरावाला दिले. तो लहान होता. म्हणून खरा कारभार त्याच्या आईच्या, उमाबाई दाभाड्यांच्या हातात आला.

मैत्रिणींनो, हे नाव लक्षात ठेवा. वणीच्या सप्तशृंगी गडावर चढताना ज्या जुन्या पायऱ्या लागतात, त्या उमाबाईंनी बांधवल्या. नवरा गेलेला, मुलगा लढाईत मारला गेलेला, आणि त्या अवस्थेत या बाईने सेनापतीच्या घराण्याची फौज, जहागीर आणि गुजरातचा कारभार सांभाळला. म्हणून मराठ्यांच्या इतिहासात त्यांना स्त्री सरसेनापती म्हणतात. १७५० साली त्या ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. तो डाव फसला, त्यांना कैद झाली, जहागिरी गेल्या, आणि १७५३ साली पुण्यात त्यांचा शेवट झाला. पण बघा, कागदावर पद मुलाचे आणि काम आईचे. आजही ग्रामपंचायतीत आपण उलटे पाहतो, कागदावर पद बाईचे आणि कारभार नवऱ्याचा. दोन्हीकडे एकच गफलत आहे. ज्याच्या हातात काम, त्याच्या नावावर जबाबदारी नाही.

आता येऊ या आपल्या जिल्ह्यात. भोकरदन-जाफराबादच्या भागात असई नावाचे छोटे गाव आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते वसले आहे. इंग्लंडच्या पुस्तकांत या गावाचे नाव ठळक छापलेले असते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी जणींना ते माहीत नसते.

साल १८०३. इंग्रजांची कंपनी आणि मराठे यांच्यात दुसरे युद्ध पेटले होते. एका बाजूला ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, वय ३४, कंपनीच्या गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २ सप्टेंबरला त्याच्या जोडीचा कर्नल स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला दोघे आपल्या बदनापूरला भेटले. ठरले असे की, दोघांनी दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला भोकरदनजवळ मिळून हल्ला करायचा.

पण २३ तारखेला वेलस्लीला कळले की शत्रू अगदी जवळ आहे आणि हलण्याच्या बेतात आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर शत्रू निसटेल. त्याच्याजवळ लढाईच्या रांगेत उभे करायला सुमारे ४,५०० शिपाई होते. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे सुमारे ५,००० घोडेस्वार होते. समोर मराठ्यांचे कवायती पायदळच १०,००० च्या वर, त्याशिवाय दुसरे पायदळ, हजारोंचे घोडदळ आणि १०० च्या आसपास तोफा. तरी त्याने त्याच दिवशी लढायचे ठरवले.

अडचण नदीची होती. समोरून नदी ओलांडली असती तर तोफांनी त्याचे सैन्य भाजून काढले असते. वाटाडे म्हणाले, दुसरीकडे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. त्याने विचार केला, इतकी जवळजवळ दोन गावे आहेत म्हणजे लोकांचे येणे-जाणे असणारच, आणि येणे-जाणे असेल तर उतार असणारच. माणूस पाठवला, तर खरेच उतार निघाला. तिथून फौज पलीकडे गेली.

आम्हाला या लढाईतली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या उतारावरून आपल्याच पणज्या-खापरपणज्या माहेरी-सासरी जात असतील, बाजाराला जात असतील. परक्या मुलखातल्या माणसाने बायाबापड्यांच्या पायवाटेवरून लढाईचा डाव ओळखला. सेनापतीचे काम तलवार फिरवण्यापेक्षा हे असते, जमीन वाचायची, लोक कसे जगतात ते पाहायचे आणि वेळेवर निर्णय घ्यायचा. हाच वेलस्ली दाणागोटा आणि बैल यांचाही काटेकोर हिशेब ठेवायचा. त्याच्या फौजेचे धान्य लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर चालायचे. पोटात अन्न नसले तर बंदूक उचलत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आणि मराठ्यांच्या बाजूला काय होते? शिपायांत कमी नव्हती. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य नावाच्या फ्रेंच मुलखातल्या सरदाराकडून कवायती पलटणी तयार करून घेतल्या होत्या. तोफखाना तर इंग्रजांना धडकी भरवणारा होता. पण लढाईच्या दिवशी सकाळी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले आपल्या घोडदळासह तिथून पुढे निघून गेले होते. एवढ्याशा फौजेनिशी इंग्रज हल्ला करील असे त्यांना वाटले नाही. फौजेचे सेनापतिपण आले पोलमन नावाच्या जर्मन माणसाकडे. तो पूर्वी इंग्रजांच्याच कंपनीत नोकरीला होता.

पोलमनने पायदळ चांगले लढवले. इंग्रज बाजूने नदी उतरून आले हे दिसताच त्याने पलटणींची अख्खी रांग काटकोनात वळवून त्यांच्यासमोर उभी केली. हे कवायतीत मुरलेल्या शिपायांनाच जमते. तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. असई गावाजवळ ७४ नंबरच्या हायलँडर पलटणीचे निम्म्याहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. आपले गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफेजवळच कापले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांनी मागून तोफा डागल्या.

पण घोडदळाचा मोठा भाग लढाईत नीट उतरलाच नाही. मेरठजवळच्या सरधन्याची राणी बेगम समरू, तिच्याही पलटणी या लढाईला आल्या होत्या. तिच्या वतीने सालूर नावाचा परका अधिकारी त्यांचा सेनानी होता. त्यांच्याकडे सामानसुमानाची राखण होती आणि शेवटी त्या शिस्तीत मैदानातून निघून गेल्या. बाकीची फळी मोडली. संध्याकाळपर्यंत इंग्रज जिंकले आणि ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या.

जिंकणाऱ्याची किंमतही मोठी होती. इंग्रजांचे सुमारे १,६०० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांतले पुष्कळ इथल्याच मातीतले देशी शिपाई होते. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून ६,००० च्या घरात गेले असा अंदाज आहे. जखमी रात्रभर माळावर पडून होते. इंग्रजांनी आपल्या जखमींसाठी अजिंठ्याला दवाखाना केला. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ साली त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले आणि इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. पण आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर असई, असे तो म्हातारपणीही सांगायचा.

आणि पोलमनचे काय झाले? तो पुढे पुन्हा कंपनीच्या नोकरीत गेला. मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करा. गोलंदाज तोफेजवळ मेला आणि त्याचा सेनापती ज्याच्याशी लढला त्याच्याच पगारावर गेला. फक्त पोलमनच नाही. युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीर केले होते की, शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी नोकरी सोडली तर त्यांची सोय लावू. बरेच जण सोडून गेले. उत्तरेत शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुख्य पेराँ यानेही त्याच सप्टेंबर महिन्यात नोकरी सोडून इंग्रजांचा आसरा घेतला.

आपण नेहमी म्हणतो, फितुरीने घात केला. पण फक्त माणसाला दोष देऊन भागत नाही. व्यवस्था कशी होती ते पाहा. फौजेचा मालक एक, सेनापती भाड्याचा, घोडदळ तिसऱ्याचे. सगळ्यांना मिळून जाब विचारणारे कोणीच नाही. आपल्या गटात अध्यक्ष बैठकीला आली नाही, सचिवाने कोऱ्या चेकवर सही करून ठेवली आणि हिशेब बाहेरच्या माणसाकडे दिला, तर गट किती दिवस टिकेल? तसेच ते झाले.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख गेला, त्यात जालनाही होते. पुढे आपला भाग निजामाच्या राज्यात राहिला. त्याच १८०३-०४ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. फौजांनी तुडवलेली पिके आणि वर दुष्काळ. सेनापतींची नावे इतिहासात राहिली, त्या वर्षी लेकरांना काय खाऊ घातले हे सांगणाऱ्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्या मराठवाड्याने सेनापतीचे आणखी एक रूप पाहिले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले. त्याच दिवसांत अनेक गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवरही अत्याचार झाले, आणि सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहे. दोन्ही दुःखे आपल्याच शेजारपाजारची आहेत.

त्यानंतर जनरल चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. म्हणजे १९४९ सालाच्या अखेरपर्यंत आपल्यावर एका सेनापतीचेच राज्य होते. मग काय झाले? सरकारने नागरी कारभार आणला, चौधरींनी सत्ता सोडली आणि ते आपल्या फौजेत परत गेले. पुढे ते देशाचे लष्करप्रमुख झाले. १९५२ साली आपल्या आया-आज्यांनी मतदान केले. ही साधी गोष्ट वाटते, पण शेजारच्या पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ साली सेनापतींनी सत्ता घेतली आणि ती वर्षानुवर्षे सोडली नाही.

आपल्याकडे हे का झाले नाही? एक मोठे कारण राज्यघटनेत आहे. घटनेच्या ५३ व्या कलमात लिहिले आहे की, सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे असेल आणि त्याचा वापर कायद्याप्रमाणे होईल. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. लोकसभा आपण निवडतो. म्हणजे ही साखळी शेवटी आपल्या बोटावरच्या शाईपाशी येते.

इंग्रजांच्या वेळी सगळ्या फौजेचा एक कमांडर-इन-चीफ असायचा. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पा हे भूदलाचे पहिले भारतीय कमांडर-इन-चीफ झाले, म्हणून तो दिवस सेना दिन. १९५५ साली ते पदनाम बंद झाले आणि भूदल, नौदल, हवाई दल यांचे तीन वेगळे प्रमुख राहिले. आपल्या महाराष्ट्राचे जनरल अरुणकुमार वैद्य आणि जनरल मनोज नरवणे हे भूदलाचे प्रमुख होऊन गेले. १ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांत मेळ घालणारे संरक्षण दल प्रमुख हे पद आले. पहिले होते जनरल बिपीन रावत. पण तिन्ही दलांच्या प्रमुखांना लढाईचा हुकूम देण्याचा अधिकार या पदालाही नाही. भूदलाच्या प्रमुखाची मुदतही ठरलेली असते, ३ वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, जे आधी येईल ते. पद मोठे, पण कायमचे नाही आणि घराण्याचे तर नाहीच.

आणि आता अभिमानाची गोष्ट. २५ जुलै २००७ ते २५ जुलै २०१२ या काळात देशाच्या सर्वोच्च सेनापती होत्या आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील. नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याहून त्या सुखोई या लढाऊ विमानातून उडाल्या, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. २०२२ पासून हे पद द्रौपदी मुर्मू यांच्याकडे आले. उमाबाईंना मुलाच्या नावाआडून कारभार करावा लागला. प्रतिभाताईंच्या हुद्द्यावर त्यांचेच नाव होते.

खालच्या पायऱ्याही उघडत आहेत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, भूदलात स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक द्या आणि त्या बाई आहेत म्हणून तुकडीचे प्रमुखपद नाकारू नका. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

म्हणून पहाटे पळणाऱ्या लेकीला नुसते सांभाळून ये एवढेच म्हणू नका. तिला असई दाखवा, केळणा-जुईचा संगम दाखवा. आणि आपल्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटात, गावात ज्याच्या हातात काम आहे त्याचेच नाव जबाबदारीवर आहे का? ज्याला अधिकार दिला त्याला जाब विचारायची जागा आपण ठेवली आहे का? आणि अडचण आली तर जागेवर कोण थांबेल?

सेनापती कितीही शूर असला तरी त्याला जाब विचारणारे लोक जागे असावे लागतात. ते लोक म्हणजे आपण.